तीनशे मीटरचं मशीन आणि चाळीस मीटरची बंदूक

या वेळी तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर लिहायचं ठरवलं होतं, ते पुढच्या नोंदीत. कारण सध्या आमच्या भागात मोबाईलवर एक जाहिरात लई फिरायलीय. लेसर रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची दुर्बीण, आणि त्यात बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर. लांबचं जनावर दुर्बिणीत धरा, बटण दाबा, अंतर किती ते दिसतं, आणि गोळी किती वर धरून मारायची तेही मशीनच सांगतं. आमच्या पुतण्यानं ती मला पाठवली, गावातल्या दोघा-तिघांनीही पाठवली. खाली एकच प्रश्न, "काका, रोह्यासाठी घ्यावं का? चार जणांत वर्गणी करू."

मी बंदुकीचा तज्ज्ञ नाही. पण असलं एक मशीन ओळखीच्या माणसाकडून आठ दिवस आणून शेतात वापरून पाहिलं, शंभर मीटरचा टेप शेजारी ठेवून. कायद्याचं कलमही जाणकाराकडून समजून घेतलं. माझं मत आधीच सांगतो म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढं वाचायची गरज नाही. आपल्यासारख्या शेतकऱ्यानं बॅलिस्टिकवालं मशीन घेऊ नये. साधं अंतर मोजणारं घ्यायचं असेल तर घ्या, त्याचे उपयोग आहेत, पण ते रोह्यासाठी नव्हेत.

आता का ते सांगतो.

रोह्याचा त्रास खरा आहे, त्यात वाद नाही. शहरातल्या माणसाला नीलगाय म्हटलं की गाय वाटते. ती गाय नाही, हरणाच्या जातकुळीतलं जनावर आहे. मोठा नर दोनशे किलोच्या पुढं जातो. तो खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. हरभरा घाट्यावर असताना दहा-बाराचा कळप एका रात्रीत वावरातून गेला तर सकाळी काय दिसतं ते मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या लोकांना सांगायला नको. रानडुकराचं वेगळंच, ते मक्यात घुसलं की ताट आडवं पाडूनच कणीस खातं. पेरणीपासून काढणीपर्यंत रात्र-रात्र जागल करणाऱ्या माणसाला कोणी म्हटलं की या मशीननं तीनशे मीटरवरून काम होतं, तर त्याचा जीव तिकडं ओढणारच. म्हणून पोरांना मी नावं ठेवत नाही.

मशीन काम कसं करतं ते आधी बघू. ते लेसरचा, डोळ्याला न दिसणारा, एक झटका सोडतं. तो जनावरावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो, त्यामुळं तीनशे मीटरवर जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाख भागांतले दोन भाग लागतात. एवढा बारीक वेळ मोजणारं घड्याळ हातात मावतं, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. आठ दिवसांत मी टेपशी ताडून पाहिलं. मोकळ्या वावरात, समोर विहिरीची भिंत किंवा लिंबाचं खोड असेल तर मीटरभराच्या आत बरोबर यायचं.

गडबड पुढं आहे. लेसरचा किरण सुईसारखा राहत नाही, लांब जाईल तसा पसरतो. तीनशे मीटरवर तो सहज हातभर रुंद होतो. मध्ये तुरीचा शेंडा, ज्वारीचं पान, बांधावरची बाभळीची फांदी आली की मशीन तिचंच अंतर सांगतं. तुरीच्या पलीकडं उभ्या बैलाचं अंतर मी घेतलं, तर एकदा १४० आलं, एकदा ८८ आलं. ८८ ला तुरीची कड होती. चांगल्या मशीनमध्ये जवळचं धरायचं की लांबचं धरायचं अशी सोय असते. गोल्फवाल्यांच्या मशीनमध्ये बहुतेक जवळचं धरलेलं असतं, कारण त्यांना झाडांपुढचा झेंडा मोजायचा असतो. शिकारीच्या मशीनमध्ये उलटं. दुकानदाराला हे विचारलं तर तो तोंडाकडं बघतो. हिवाळ्यात पहाटे हरभऱ्यावर धुई असते, तेव्हा तर मशीन कधी कधी धुईचंच अंतर दाखवतं किंवा नुसत्या रेघा मारतं. आणि रोही वावरात असतो तो नेमका त्याच वेळेला.

जाहिरातीत हजार-दोन हजार मीटर लिहिलेलं असतं ते चकाकणाऱ्या पाटीवर मोजलेलं असतं. जनावराच्या मळकट केसांवरून प्रकाश कमी परततो, तिथं ते अंतर निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या फोटोतलं वांगं आणि आपल्या वावरातलं वांगं, तसंच हे.

आता बॅलिस्टिक म्हणजे काय? बंदुकीतून निघालेली गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखी. दहावीला शिकलेलं गणित इथं पुरतं. गोळी सेकंदाला सहाशे मीटर जाते असं धरा आणि हवेचा अडथळा सोडून द्या. शंभर मीटर जाईपर्यंत ती १४ सेंटीमीटर खाली येते. दोनशेला ५४ सेंटीमीटर. तीनशेला सव्वा मीटर! अंतर तिप्पट झालं, पडणं नऊपट झालं. हवेचा अडथळा धरला तर अजून जास्त. म्हणजे तीनशेच्या ऐवजी अंतर ३३० असेल तर गोळी आणखी वीतभरापेक्षा जास्त खाली जाते, छातीच्या जागी पाय तुटतो. त्यामुळं लांबून मारणाऱ्याला अंतर नेमकं लागतं हे खरंच आहे. मशीन अंतर घेतं, हिशोब करतं आणि एवढं वर धरा म्हणून सांगतं.

पण हिशोब करायला त्याला माहिती आपण द्यायची असते. गोळी नळीतून किती वेगानं निघते, गोळीचं वजन किती, ती हवा कशी कापते याचा आकडा, दुर्बीण नळीच्या किती वर बसवलीय, नेम कोणत्या अंतराला जुळवलाय. तापमान आणि हवेचा दाब काही मशीन स्वतः घेतात. आपलं जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, त्याचा थोडा फरक पडतो. वाऱ्याचं मात्र मशीनला काही कळत नाही. तीनशे मीटरच्या वाटेत बांधाअलीकडं एक वारा, पलीकडं दुसरा. तो आपणच अंदाजानं सांगायचा. आणि गोळीचा वेग? तो मोजायला वेगळं यंत्र लागतं, आणि मोजायला-जुळवायला पाच-पंचवीस काडतुसं उडवावी लागतात. आपल्या परवान्यावर काडतुसं किती मिळतात, ती मिळायला किती फेऱ्या होतात, हे ज्यांच्याकडं परवाना आहे त्यांना विचारा. माती परीक्षण न करता खताचा डोस काढणाऱ्या ॲपसारखं आहे हे. आकडा दशांशासकट येतो, पण त्याच्या पोटात अंदाजच असतो.

बरं, हे सगळं जुळवलं समजा. बंदूक कोणती आहे आपल्याकडं?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी म्हणून जी बंदूक सांगितलीय ती ठासणीची. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, वीस इंचाच्या खाली नळी नसलेली, म्हणजे आपली बारा बोर. गावात ज्या काही थोड्या बंदुका आहेत, आज्याच्या नावावरून बापाच्या आणि बापाच्या नावावरून लेकाच्या झालेल्या, त्या याच. बारा बोरचे छर्रे चाळीस मीटरच्या पुढं असे विखुरतात की जनावर जखमी होतं, मरत नाही. ठासणीच्या बंदुकीत तर दारू प्रत्येक वेळी हातानं भरायची, दोन बारांचा वेग एकसारखा येत नाही. तिचं कोष्टक जगातल्या कोणत्याच मशीनमध्ये नाही. चाळीस मीटरच्या बंदुकीला हजार मीटरचं मशीन म्हणजे बैलगाडीला जीपीएस.

कोणाकडं ३१५ बोरची रायफल असते. ती लांब मारते, मान्य. पण तिच्यावर बहुतेक ठिकाणी नळीवरची माशी आणि मागची खाच, एवढंच असतं. मशीन सांगतं "अमुक इतके मिनिट वर घ्या". मिनिट म्हणजे कोनाचं माप, शंभर मीटरवर साधारण तीन सेंटीमीटर. हे माप दुर्बिणीच्या चकतीवर एकेक टिचकी फिरवून लावायचं असतं. चकतीच नाही तर फिरवणार काय? लाखाच्या घरातलं परदेशी मशीन घेऊन त्याचं उत्तर वापरायला जागाच नाही, अशी गत.

इथपर्यंत पैशाचा विषय झाला. पैसे गेले तर गेले, बियाणं खोटं निघाल्यावर जातात तसे. मला खरी भीती वेगळीच वाटते आणि ती आपल्या जमिनीची आहे.

आपलं रान सपाट. समोर डोंगर नाही, टेकडी नाही, गोळी अडवायला मातीची भिंत नाही. कोल्हापूरकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला कांस्य आणलं, ५० मीटर रायफलमध्ये. सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तिथं मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा नसतं. तो एवढं बारीक मारू शकतो, तरी त्याच्या निशाणामागं गोळी थांबवायची पक्की व्यवस्था असतेच. आपल्या तीनशे मीटरवरच्या रोह्याच्या मागं काय असतं? शेजाऱ्याचा कापूस, त्यात वेचणीला आलेल्या बाया. किंवा पहाटे वीज आली म्हणून मोटर चालू करायला निघालेला माणूस, अंगावर मळकं घोंगडं.

हिशोब करून बघा. तीन मीटर उंचीच्या माळ्यावर बसून साठ मीटरवरच्या जनावराच्या छातीवर, म्हणजे जमिनीपासून मीटरभर उंचीवर नेम धरला आणि नेम चुकला. सरळ रेघ धरली तर गोळी जनावराच्या मागं तीस मीटरवर मातीत जाते. त्याच माळ्यावरून तीनशे मीटरवर मारली आणि चुकली, तर जनावराच्या मागं दीडशे मीटरपर्यंत ती माणसाच्या कमरेच्या उंचीनं नाहीतर त्याच्या खालून चाललेली असते. खरी गोळी खाली झुकते म्हणून थोडी अलीकडं पडेल, पण इतक्या चपट्या कोनात आपल्या काळ्या दगडावर आपटली तर उसळून कुठं जाईल याचा नेम नाही. अगदी लहान पॉईंट टू-टू बोरच्या गोळीच्या डब्यावरही दीड किलोमीटरपर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. रायफलची गोळी त्याहून लांब जाते. दीड किलोमीटरमध्ये आपल्याकडं दोन वस्त्या आणि एक शाळा येते.

मशीन अंतर सांगतं, मागं कोण आहे ते सांगत नाही. जनावर कोणतं आहे तेही सांगत नाही. आपल्याकडं काळवीट आहेत, कळपानं फिरतात. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या बरोबरीनं. झुंजुमुंजू उजेडात अडीचशे मीटरवरून काळविटाची मादी मारली तर तीन ते सात वर्षं शिक्षा आहे, तिथं "साहेब, मशीननं बरोबर सांगितलं होतं" चालत नाही.

कायद्याचंही लिहितो, कारण अनेकांचा समज आहे की पिकात शिरलं की मारता येतं. येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातलं अकरावं कलम. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोह्याला किंवा रानडुकराला मारायला वन विभागाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, कारणांसह. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता हे दोन्ही प्राणी अनुसूची दोनमध्ये आहेत. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. दोन वेगळे कागद, दोन वेगळी ऑफिसं. मारलेलं जनावरही आपलं नसतं, सरकारचं असतं. परवानगी वेळेत मिळत नाही ही तक्रार माझीही आहे. एका वर्षी माझ्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत हरभरा काढून, विकून, त्या पैशाचं खत आणून झालं होतं. त्यावर भांडायला पाहिजे, एकत्र भांडायला पाहिजे. पण अर्ज लवकर मंजूर होत नाही याचं उत्तर लांब पल्ल्याचं मशीन कसं होईल?

जखमी जनावराचं कोणी बोलतच नाही. लांबून मारलेला बार नीट लागत नाही, तेव्हा जखमी डुक्कर उसात किंवा तुरीत जाऊन बसतं. अडीचशे मीटरवर ते नेमकं कुठं उभं होतं, रक्त कुठं पडलंय, हे अंधारात सापडत नाही. दुसऱ्या दिवशी तिथं खुरपायला जाते ती मारणाऱ्याची बायको नसते, रोजानं आलेली बाई असते. जखमी डुक्कर अंगावर येतं म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्याला विचारा.

२०१६ साली बिहारात मोकामा भागात सरकारनं बाहेरून शिकारी बोलावून काही दिवसांत दोन-अडीचशे नीलगाई मारल्या. देशभर आरडाओरड झाली, केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. ते बरोबर की चूक यावर आपल्या पारावर दोन गट पडतील. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं. मारायचंच ठरलं तर ते काम सरकारनं शिकलेल्या माणसांकडून, दिवस ठरवून, गावात दवंडी देऊन, रान मोकळं करून घ्यावं. त्या माणसांच्या हातात हे बॅलिस्टिक मशीन शोभतं. त्यांची रायफल तशी, दुर्बीण तशी, हजारो बार उडवल्याचा सराव तसा. त्यांनी खुशाल घ्यावं. ते ओझं अठ्ठावीस वर्षांच्या पोरानं दिवसभर पाणी भरून रात्री खांद्यावर घेऊ नये. माझा राग पोरांवर नाही, ज्यांनी हे पोरांवर सोडून दिलंय त्यांच्यावर आहे.

आता साधं मशीन कोणाला घ्यायचंच असेल तर चार गोष्टी. पहिली, मीटर की यार्ड ते बघा. बरीच मशीनं कंपनीतून यार्डावर लावलेली येतात. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर, ड्रिपच्या नळीचं बिल करताना २६ मीटरचा फरक समजतो. दुसरी, आतले आकडे लाल उजेडाचे पाहिजेत. काळे आकडे संध्याकाळी दिसतच नाहीत. तिसरी, विकत घेण्याआधी टेपनं मोजलेल्या पन्नास आणि शंभर मीटरवर तपासा, दुकानाच्या आत नाही, रस्त्यावर, उन्हात. भर उन्हात पल्ला कमी होतो, तो किती ते तिथंच कळेल. चौथी म्हणजे दुरुस्ती कुठं होते ते आधी विचारा. मुंबईच्या पलीकडं पाठवायचं असेल तर सोडून द्या.

उपयोग काय? विहिरीपासून शेततळ्यापर्यंत पाईप किती लागेल, ड्रिपच्या ओळी किती लांब येतील, ड्रोनवाल्याला फवारणीआधी विजेच्या तारा किती लांब आहेत ते सांगायला, झटका कुंपणाच्या तारेचा अंदाज काढायला. चिखलात टेप ओढत फिरायची कटकट वाचते. पण बांधाच्या भांडणात हे मशीन काढू नका! मीटरभर इकडं-तिकडं म्हणजे शंभर मीटरच्या बांधाला शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. गुंठ्यासाठी आपल्याकडं काय होतं ते लिहायची गरज नाही. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

लेखी परवानगी हातात असलेल्या परवानाधारकालाही मी मशीन सांगणार नाही, चुन्याचे दगड सांगीन. माळा कुठं बांधायचा ते आधी ठरवा, असा की समोरच्या बाजूला वस्ती, रस्ता, पाणंद येणार नाही. मग टेप घेऊन माळ्यापासून ३० आणि ४० मीटरवर चारी अंगाला एकेक दगड रोवा, त्याला चुना मारा. रायफल असेल तर ६० वर अजून एक ओळ. रात्री बॅटरीच्या उजेडात पांढरा दगड लगेच दिसतो. जनावर दगडाच्या पलीकडं असेल तर बोट चापावर न्यायचंच नाही, हाळी द्यायची, डबा वाजवायचा, फटाका लावायचा. आमचे आजोबा माळ्यावरून गोफण फिरवायचे, तेव्हाही गोफणीचा दगड कुठवर जातो ते त्यांना पावलांनी माहीत होतं.

वर्गणी करायचीच असेल तर झटका कुंपणाची करा. चार वावरं एकत्र घेतली तर बॅटरी आणि मशीन एकच लागतं, तार तेवढी वाढते. मात्र घरच्या लाईनची वीज सरळ तारेत सोडायची नाही. त्यात जनावराच्या आधी माणसं गेलीत, तो गुन्हाही आहे. झटका मशीन बॅटरीवरचं, ठोके देणारंच पाहिजे.

शंभर मीटरचा टेप माझ्याकडं आहे. दगड रोवायला ज्याला पाहिजे त्यानं सकाळी आठच्या आत येऊन न्यावा, नंतर मी मोसंबीच्या बागेत असतो.